द्रुपदाचा प्रश्न आणि सुदाम्याचे पोहे

दिवाळीची सुट्टी, डिसेंबरची अखेर आणि मे महिना हे आपल्याकडे आता शालेय स्नेहमेळाव्यांचे हंगाम झाले आहेत. गावोगावच्या हायस्कुलांतून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दहावी होऊन गेलेल्या तुकड्या पुन्हा एकत्र येतात. २००४ साली आलेल्या आणि २०१४ साली बंद पडलेल्या ऑर्कुटने हरवलेले वर्गमित्र शोधण्याची सवय लावली, आणि पुढे व्हॉट्सॲपने ती घरोघरी नेली. ह्या सोहळ्याचा एक विधीही आता ठरून गेला आहे. शाळेची घंटा वाजते, प्रार्थना होते, हयात असलेल्या गुरुजनांना शाल-श्रीफळ दिले जाते, जुना हजेरीपट काढून कुणीतरी हजेरी घेतो आणि पन्नाशीला टेकलेली माणसे ‘हजर सर’ म्हणून ओरडतात. भाषणांतून एक वाक्य हमखास येते : या आवारात कुणी साहेब नाही आणि कुणी शिपाई नाही, आपण सारे दहावी ‘ब’चे विद्यार्थी आहोत. त्यावर टाळ्या पडतात.

प्रस्तुत लेखाचा विषय हे वाक्य आहे. ते खोटे आहे असे सरसकट म्हणण्याचा हेतू नाही. बोलणारा ते बहुधा मनापासून बोलत असतो. परंतु ते बोलणारा बहुतेक वेळा साहेब असतो, शिपाई नसतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. समता जाहीर करण्याचा अधिकारही वरच्या पायरीवर उभ्या असलेल्याकडेच राहतो. एकाच बाकावर बसलेल्या दोघांची आयुष्ये दोन दिशांना गेली आणि पुन्हा ते समोरासमोर आले, तर त्यांच्यात नेमके काय घडते? हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे तसाच तो साहित्याचाही आहे. किंबहुना आपल्या परंपरेत तो फार जुना आहे, आणि त्याची दोन परस्परविरोधी उत्तरे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पहिले उत्तर महाभारताच्या आदिपर्वातले. द्रोण आणि द्रुपद हे भरद्वाजांच्या आश्रमातले सहाध्यायी. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला आणि द्रोण दरिद्रीच राहिला. इतका, की अश्वत्थाम्याला दूध म्हणून पीठ कालवलेले पाणी पाजले गेले. ती दशा असह्य होऊन द्रोण जुन्या मित्राच्या दारी गेला. द्रुपदाने त्याला जे सुनावले त्याचा आशय असा, की मैत्री समानांत होते. राजा आणि निर्धन यांच्यात कसली मैत्री? आश्रमात आपले सख्य होते, पण काळ माणसाला झिजवतो तसे सख्यालाही झिजवतो. हे बोलणे निष्ठुर आहे यात शंका नाही. पण त्यात एक बोचरा प्रामाणिकपणाही आहे. द्रुपद आव आणत नाही. आपल्यात अंतर पडले आहे, हे तो तोंडावर सांगतो.

यापुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. कुरुकुमारांना अस्त्रविद्या शिकवून झाल्यावर द्रोणाने गुरुदक्षिणा मागितली ती द्रुपदाला बांधून आणण्याची. अर्जुनाने ती पुरी केली. बंदिवान द्रुपदाला द्रोणाने ठार मारले नाही. त्याने त्याचे अर्धे राज्य, गंगेच्या उत्तरेकडचे, स्वतःकडे ठेवले आणि दक्षिणेकडचे त्याला परत दिले. राजा नसलेला राजाचा मित्र होऊ शकत नाही ना, मग आता मीही राजा आहे, तेव्हा पुन्हा मित्र होऊ, असा त्याचा युक्तिवाद. म्हणजे द्रुपदाला हरवताना द्रोणाने द्रुपदाचे तत्त्व मात्र मान्य करून टाकले! समानतेशिवाय मैत्री नाही, हे दोघांनीही स्वीकारले. फक्त ती समानता एकाने अपमानाने नाकारली आणि दुसऱ्याने शस्त्राने मिळवली. अशा मैत्रीतून पुढे काय निपजले ते सर्वश्रुत आहे. द्रुपदाच्या सूडयज्ञातून धृष्टद्युम्न आणि द्रौपदी जन्मली, आणि द्रोणाचा शेवट धृष्टद्युम्नाच्या हातून झाला. महाभारतातल्या वैराचा एक महत्त्वाचा धागा दोन वर्गमित्रांच्या फसलेल्या पुनर्भेटीपर्यंत जातो, ही गोष्ट आपण पुरेशी लक्षात घेत नाही.

दुसरे उत्तर सुदाम्याचे. मराठी मनाने मनोमन निवडलेले उत्तर हेच. कीर्तनांतून, आख्यानांतून ते इतके रुजले, की ‘सुदाम्याचे पोहे’ हा भाषेतला प्रयोगच होऊन बसला आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखसंग्रहाला तेच नाव दिले. आपल्या स्नेहमेळाव्यांवरही ह्याच कथेची छाया असते. वर गेलेला मित्र खाली राहिलेल्याला मिठी मारतो, त्याच्या मुलाच्या नोकरीचे बघतो, त्याची वर्गणी परस्पर भरून टाकतो. आणि सर्वांना कृष्ण-सुदाम्याची आठवण होते.

परंतु भागवताच्या दशम स्कंधातले हे दोन अध्याय (८० आणि ८१) बारकाईने वाचले तर कथेचा भर दातृत्वावर नाही, असे दिसते. मुळात तिथे त्या ब्राह्मणाचे सुदामा हे नाव येतच नाही; ते नंतरच्या परंपरेने दिले. तो द्वारकेला जातो तो पत्नीच्या आग्रहावरून. शेजारीपाजारी मागून आणलेले चार मुठी पोहे तिने चिंधीत बांधून दिलेले असतात. कृष्ण त्याचे पाय धुतो, त्याला स्वतःच्या पलंगावर बसवतो, आणि मग बोलू लागतो ते सांदीपनींच्या आश्रमातल्या एका रात्रीविषयी. गुरुपत्नीने दोघांना सरपण आणायला रानात पाठवले होते. अवेळी वादळ झाले, पाऊस कोसळला, दिशा कळेनाशा झाल्या. एकमेकांचे हात धरून दोघे रात्रभर भटकले आणि सकाळी गुरू त्यांना शोधत आले. कृष्णाला आठवते ते दोघांनी सारखेच सोसलेले. त्या रात्री थंडी आणि भय दोघांच्या वाट्याला समसमान आले होते. ‘आपण सारखे आहोत’ असे न म्हणता त्याने ‘आपण एकदा सारखे भिजलो होतो’ एवढेच म्हटले आहे. ह्या दोन विधानांत फार अंतर आहे.

त्यानंतर कृष्ण विचारतो, माझ्यासाठी काय आणलेस? सुदामा लाजून गप्प राहतो. तेव्हा कृष्ण ती चिंधी स्वतःच ओढून घेतो आणि मूठभर पोहे खातो. मला ह्या कथेचे मर्म इथे वाटते. सोन्याचा वाडा नंतर येतो, सुदाम्याच्या नकळत येतो, आणि त्याचा उच्चारही कुणी करत नाही. दोघे समोरासमोर असताना घडते ते उलटेच : ज्याच्याकडे सर्व काही आहे तो मागतो, आणि ज्याच्याकडे काही नाही तो देतो. सुदाम्याने काही मागितले नाही हे आपण नेहमी सांगतो. कृष्णाने मागितले, हे सांगायचे विसरतो.

आधुनिक कथेने हाच प्रसंग देवत्वाची सावली काढून घेऊन तपासला. चेखॉव्हची ‘जाडा आणि बारीक’ ही दोन-तीन पानांची कथा १८८३ सालची. निकोलायेव्हस्की रेल्वेच्या स्टेशनवर दोन शाळूसोबती भेटतात. दोघांचे डोळे भरून येतात, शाळेतली चिडवायची नावे निघतात, बारीक मित्र आपल्या बायकोची आणि मुलाची ओळख करून देतो. आपण सरकारी नोकरीत किरकोळ हुद्द्यावर आहोत, पगार बेताचा आहे, बायको संगीत शिकवते, आपण फावल्या वेळी लाकडी सिगारेट-केस बनवून विकतो, हे सारे तो मोकळेपणाने सांगतो. मग जाड्याचा हुद्दा कळतो. तो फार वरचा अधिकारी आहे. त्या क्षणी बारीक माणूस पांढराफटक पडतो, आक्रसतो. त्याच्या पेट्या-बोचकीसुद्धा आक्रसल्यासारखी दिसतात. पुढचे सगळे बोलणे सरकारी अदबीचे होते. जाडा म्हणतो, लहानपणच्या मित्रांत हे हुद्द्याचे काय घेऊन बसलास. पण समोरच्याच्या चेहऱ्यावरचा लीनपणा पाहून त्याला मळमळते आणि तो तोंड फिरवून निरोपाचा हात पुढे करतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ह्या कथेचा एक तपशील अवश्य ध्यानात घ्यावा. पहिल्या पाठात हा जाडा मित्र बारीक माणसाचा प्रत्यक्ष वरिष्ठ ठरत होता. त्यामुळे त्याच्या घाबरण्याला व्यावहारिक कारण होते. १८८६ साली कथा संग्रहात घेताना चेखॉव्हने ते कारण काढून टाकले. आता जाड्याकडून बारीक माणसाला ना काही भीती आहे, ना काही मिळकत. तरीही तो वाकतो. ह्या एका बदलाने कथा कचेरीतल्या गमतीपासून माणसाच्या मनात मुरलेल्या उतरंडीपर्यंत पोचली. द्रुपदाला जे तोंडाने सांगावे लागले ते इथे कुणालाच सांगावे लागत नाही. खालचा माणूस ते स्वतःच स्वतःला सांगतो. वरचा माणूस चांगला असून भागत नाही. आणखी एक गोष्ट : त्या लाकडी सिगारेट-केस हे बारीक माणसाचे पोहे होते. जाड्याने त्या मागितल्या नाहीत. ‘एक दाखव बघू, मला दे’ असे तो म्हणता तर कथा वेगळी झाली असती काय, कोण जाणे. पण तसे म्हणणे त्याला सुचले नाही, हे खरे.

प्रेमचंदांची ‘गुल्ली-डंडा’ ही कथा याच्याही पुढे जाते. निवेदक ठाणेदाराचा मुलगा, आणि त्याचा सवंगडी गया हा दलित जातीतला, विटीदांडूत सर्वांना भारी असलेला पोर. वडिलांच्या बदलीने ताटातूट होते. वीस वर्षांनी निवेदक इंजिनियर होऊन दौऱ्यावर त्याच गावी येतो. गया आता एका साहेबाच्या घोड्यांची देखभाल करतो. निवेदक त्याला आग्रहाने खेळायला नेतो. खेळात तो धडधडीत लबाडी करतो आणि गया मुकाट्याने मान्य करत जातो. गयाचा हात गेला, असे निवेदकाला वाटते. दुसऱ्या दिवशी मात्र गावातल्या जुन्या खेळाडूंचा सामना असतो. निवेदक मोटारीत बसून बघतो, आणि गयाचा तोच जुना, अचूक हात पाहून थक्क होतो. तेव्हा उमगते, की काल गया खेळत नव्हता, साहेबाला खेळवत होता. लहानपणी आपण त्याच्या बरोबरीचे होतो, आता केवळ त्याच्या दयेला पात्र आहोत, अशा जाणिवेवर कथा संपते.

ही कथा चेखॉव्हच्या कथेची उलटी बाजू आहे. गया पांढराफटक पडत नाही, लाचार होत नाही. तो अदबीने वागतो, पण त्या अदबीमागे त्याने स्वतःचे काही राखून ठेवलेले असते. निवेदकाने त्याच्याकडे मागितले ते त्याचे पोहे नव्हेत. आपले हरवलेले बालपण मागितले. ते देणे गयाच्या हाती नव्हते, म्हणून त्याने त्याची नक्कल दिली. स्नेहमेळाव्यांत हे किती वेळा घडत असेल! वर गेलेल्यांना आपले बालपण परत हवे असते आणि त्यासाठी खाली राहिलेल्यांनी पुन्हा ‘बाळ्या’, ‘गण्या’ व्हावे अशी त्यांची अपेक्षा असते. ते होतातही. त्यांची ती भूमिका किती खरी आणि किती पाहुण्यांना खेळवणारी, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कळत नाही.

इथवर आपण एक गोष्ट गृहीत धरली : लहानपणी तरी सगळे सारखे होते. ते तरी खरे आहे काय? शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) आरंभीच शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुले एका झाडाखाली जेवायला बसतात आणि महारांची मुले दुसऱ्या. दोन्हीकडच्या शिदोरीत जमीन-अस्मानाचे अंतर. मग गुरुजी सर्वांना सहलीवर निबंध लिहायला सांगतात. त्या वर्गाचा आज मेळावा भरला आणि कुणी ‘आठवते का रे आपली सहल’ असे म्हणाले, तर दोन झाडांखालून दोन वेगवेगळ्या सहली आठवतील. हजेरीपट एक होता. शाळा एक नव्हती. काहींच्या मनात शाळा ही गमतीची, पहिल्या प्रेमाची जागा असते. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने (२००४) आणीबाणीच्या काळातली नववी उत्कटपणे उभी केली, तिच्यात असंख्य वाचकांना आपली शाळा दिसली ती उगाच नव्हे. पण इतर काहींच्या मनात त्याच इमारतीची आठवण फीसाठी बाहेर उभे राहण्याची असते. ज्यांना सारे बोलावतात आणि जे कधीच येत नाहीत, त्यांच्या न येण्याला आपण ‘तो पहिल्यापासून तसाच’ म्हणून निकालात काढतो. ते न येणे हेही एक मत असू शकते.

मुलींची गोष्ट आणखी निराळी. हजेरीपटातले त्यांचे नाव लग्नाने पुसले गेलेले. त्यांना शोधायचे तर आधी माहेर शोधावे लागते. वर उल्लेखिलेल्या सगळ्या कथा पुरुषांच्या मैत्रीच्या आहेत, हा योगायोग नाही. सुदाम्याच्या पत्नीने शेजारी हात पसरून पोहे जमवले. ज्यांच्याकडे हक्काने जावे अशी तिची मैत्रीण कुठल्या आश्रमात असणार? मुलींना शाळा मिळाली त्याला फार काळ लोटलेला नाही, आणि शाळेतली मैत्री लग्नानंतर जपण्याची मोकळीक तर त्याहून अलीकडची. त्यामुळे एखाद्या मेळाव्यात चाळिशीच्या चार स्त्रिया एका बाकावर दाटीवाटीने बसून हसत असतील, तर ते दृश्य पुरुषांच्या स्मरणरंजनाच्या मापाने मोजू नये.

हे सारे म्हटल्यावर मेळावे भरवूच नयेत, असा निष्कर्ष कुणी काढील. माझे मत त्याच्या नेमके उलट आहे. आयुष्ये दूर गेलेले दोन वर्गमित्र भेटतात, ह्यासाठी आधी एक गोष्ट घडलेली असावी लागते : दूर जाणारी ती आयुष्ये कधीतरी एका वर्गात बसलेली असावी लागतात. ही गोष्ट आपोआप घडत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. एका पंक्तीला बसणे हाच तिथला मोठा धडा होता. कोठारी आयोगाने (१९६४–६६) परिसरातल्या सर्व मुलांसाठी समान शाळेची शिफारस केली. ती कागदावर राहिली. तरीही जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आणि गावातले एकुलते एक अनुदानित हायस्कूल यांमुळे डॉक्टरांचा मुलगा आणि शेतमजुराची मुलगी काही वर्षे एका छताखाली शिकली. आजचे मेळावे हे त्या शाळांचे फलित आहे.

आता तो वर्ग दुभंगला आहे. शहरांत आणि तालुक्याच्या गावीही ज्याची जशी ऐपत तशी त्याची शाळा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने, जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना ह्या अटीतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कायद्याची ही लढाई रूक्ष वाटते, पण तिच्यात पणाला लागलेली गोष्ट तीच आहे : द्रोण आणि द्रुपद एका आश्रमात शिकणार की नाहीत? ज्या शाळेत सर्व मुले एकाच उत्पन्नाच्या घरांतली, त्या शाळेचा तीस वर्षांनंतरचा मेळावा अगदी निर्वेध पार पडेल. तिथे कुणाची वर्गणी कुणाला भरावी लागणार नाही, कुणी कुणासमोर आक्रसणार नाही. द्रुपदाचा नियम तिथे न बोलता पाळलेला असेल. अशा मेळाव्यापेक्षा आजचे अवघडलेले मेळावे मला मोलाचे वाटतात. कारण ते अवघडलेपण हाच एके काळी काही वेगळे घडल्याचा पुरावा आहे.

तेव्हा प्रश्न उरतो तो मेळावा कसा असावा एवढाच. ‘आपण सारे सारखे’ ही घोषणा सोडून द्यावी, असे सुचवावेसे वाटते. तिने अंतर मिटत नाही. त्याविषयी बोलण्याची मात्र बंदी होते. त्याऐवजी विचारावे : तू काय करतोस, कसे करतोस, ते मला सांग. सुतारकाम करणाऱ्याच्या हातची एखादी वस्तू विकत मागावी, आणि तिची योग्य किंमत द्यावी. मेळावा शहराबाहेरच्या रिसॉर्टवर न भरवता कधी एखाद्याच्या शेतात, एखादीच्या खानावळीत भरवावा. म्हणजे यजमान कोण आणि पाहुणा कोण हे एकदा तरी पालटेल. प्रेमचंदांच्या निवेदकाला गया खऱ्या अर्थाने दिसला तो त्याच्याबरोबर खेळताना नव्हे. दुसऱ्या दिवशी, गयाच्या मैदानावर, गयाच्या बरोबरीच्या माणसांत तो दिसला. वर्गमित्राला त्याच्या मैदानावर पाहायला जाण्याइतकी सवड आपल्यापैकी किती जणांना असते?

मैत्री समानांतच होते, हे द्रुपदाचे म्हणणे पुरते खोडून काढणे कठीण आहे. पण समानता ही आधी असावी लागणारी अट आहे, असे त्याने मानले. पोह्यांची ती गाठ सोडणाऱ्याने तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले : देणे-घेणे उलटे फिरवता आले तर ती क्षणभर घडवता येते. ती क्षणभरच टिकते. सुदामा परत आपल्या गावी जातो आणि कृष्ण द्वारकेतच राहतो. तेवढ्या क्षणासाठीही दोघांनी एकदा एकाच रानात भिजलेले असावे लागते, आणि ते रान राखणे ही आज आपणा शिक्षकांची आणि समाजाचीही जबाबदारी आहे.